काळा पाषाण आणि कुंभाराचा आवा

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही श्रोत्यांस थोडे नवल वाटले असेल. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे यांचीच आपल्याला आठवण व्हावी, ही आपली जुनी सवय आहे. तसल्या इतिहासाचीही आपल्या जिल्ह्यात वाण नाही. १८०३ साली वेलस्ली आणि मराठे यांची जी निकराची लढाई झाली ती आपल्याच असईच्या माळावर, आणि समर्थांचे जन्मगाव जांब तेही आपल्याच जिल्ह्यातले. मग हे सर्व सोडून दगडाच्या चुऱ्याचा आणि मडक्यांचा इतिहास काय म्हणून सांगावयाचा?

त्याचे कारण असे की, राजे गेले, त्यांची कागदपत्रे गेली, वाडे पडले. पण खापर मात्र उरले. जुन्या गावाच्या पांढरीवर पाऊस पडून गेला की मातीतून जे प्रथम वर येते ते नाणे नव्हे, शिलालेख नव्हे, तर खापराचा तुकडा. तो कोणी राखून ठेवला नव्हता. उलट टाकून दिला होता. टाकून दिलेल्या वस्तूच पुष्कळदा सर्वांत खरी साक्ष देतात. आज मी ज्या दगडाविषयी बोलणार आहे तोही असाच टाकलेला दगड आहे: पाथरवटाच्या छिन्नीखालून उडालेली कपची, खाणीतली कच, खडीच्या यंत्राखाली साचलेली भुकटी. या टाकाऊ दगडाचा आणि कुंभाराच्या मातीचा संबंध किती जुना आहे, तो कोठे जुळला, कोठे तुटला आणि आज पुन्हा जुळवता येईल काय, एवढाच आजचा प्रश्न.

खडक, मुरूम आणि माती

प्रथम आपल्या पायाखालच्या दगडाची ओळख करून घेऊ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी झाकलेला आहे. आपला काळा पाषाण, ज्याला शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो हाच थिजलेला शिलारस होय. देवळे याचीच, वाड्यांचे चौथरे याचेच, पाटा-वरवंटा याचाच आणि जातेही याचेच.

या पाषाणाचे पृथक्करण केले तर त्यात साधारणपणे निम्मा भाग सिलिका म्हणजे वाळूचे किंवा गारगोटीचे तत्त्व सापडते. अल्युमिना शेकडा १४ च्या आसपास, लोहाची ऑक्साइडे शेकडा १२-१३, चुना शेकडा १०, मॅग्नेशिया शेकडा ६ आणि शिवाय थोडा सोड्याचा क्षार. हे आकडे थोडे ध्यानात ठेवावे, कारण पुढे यांचेच काम पडणार आहे.

ऊन, पाऊस आणि काळ यांच्या माऱ्याने हा खडक पिचतो, त्याचा मुरूम होतो. मुरमाची पुढे माती होते. आपली काळी कसदार जमीन म्हणजे याच दगडाचे वार्धक्य. कापसाला ही जमीन मानवते, पण कुंभाराला ती फार छळते. या मातीतली चिकण अशा जातीची असते की ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आखडते. उन्हाळ्यात आपल्या शेतांना ज्या हातहात भेगा पडतात, तशाच भेगा अशा मातीच्या नुसत्या मडक्यालाही पडावयाच्या.

यावर कुंभाराने जो उपाय शोधला त्यातच आपल्या विषयाचा आरंभ आहे. त्याने चिकण मातीत न आखडणारे असे काहीतरी मिसळले. कोठे राख, कोठे घोड्याची लीद, कोठे भाताचे तूस. कोठे नदीची वाळू आणि दगडाची बारीक कच. तर कोठे फुटक्या खापरांचीच पूड. तूस आणि लीद भट्टीत जळून जातात व मातीत बारीक छिद्रे ठेवतात. वाळू आणि कच मात्र तशीच राहते आणि भांड्याच्या भिंतीला आतून सांगाड्यासारखी धरून ठेवते. म्हणजे पाहा, दगडाचीच माती झाली आणि त्या मातीला सावरण्यासाठी पुन्हा दगडच उपयोगी पडला. चुलीवर चढणाऱ्या मडक्याला तर ही कच फारच आवश्यक, कारण ताव लागला की गुळगुळीत, नुसत्या चिकणीचे भांडे चटकन तडकते.

जोर्वे, भोकरदन आणि अजिंठा

ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे? १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या जोर्वे या गावी उत्खनन केले. तेथील तांबड्या, काळ्या रेषांच्या नक्षीच्या भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीलाच जोर्वे हे नाव पडले. तिचा काळ साधारण इ. स. पूर्व १५०० ते ७००. या भांड्यांवर बोटाने टिचकी मारली तर खणखणीत, धातूसारखा आवाज येतो, इतकी ती उत्तम भाजलेली असत. तांबड्या भांड्यावरची काळी रेघ लोहाच्या खनिजाची. म्हणजे तीन हजार वर्षांमागे दख्खनच्या कुंभाराला तीन गोष्टी अवगत होत्या: माती कशी सावरावी, दगडातले लोह रंग म्हणून कसे वापरावे आणि आवा कसा लावावा.

आता आपल्या घरच्या भोकरदनकडे येऊ. केळणा नदीच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचे नाव कोरलेले आहे. इतक्या दूर जाऊन दान करण्याइतके येथले लोक सधन होते. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून, डॉ. देव आणि डॉ. गुप्ते यांच्या देखरेखीखाली, येथे उत्खनन केले. तेथे निघालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य १९३८ साली इटलीतील पाँपेई नगरीच्या अवशेषांत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. हस्तिदंताची मूर्ती प्रसिद्धी पावली. पण त्याच जमिनीतून मणी, मृण्मूर्ती आणि खापरे यांचे जे भांडार निघाले त्याची कथा आपल्या आजच्या विषयाला अधिक जवळची आहे.

सातवाहन काळात भोकरदन, पैठण, तेर, नेवासे या गावी साच्यात दाबून मृण्मूर्ती काढण्याची कला चांगलीच रुजली होती. मण्यांचे कामही मोठे. हे मणी अकीक आणि त्याच्या जातीच्या दगडांचे असत. हे दगड कोठले? काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत जे गारेचे खडे भरलेले असतात, तेच हे. अकिकाला मंद आच दिली की त्यातले लोह पालटून दगड लालबुंद होतो. तांबडा अकीक असाच पिकवला जातो. म्हणजे मणेऱ्याची भट्टी आणि कुंभाराचा आवा या एकाच विद्येच्या दोन बहिणी होत.

टाकाऊ चुऱ्याचा बुद्धिपुरस्सर उपयोग करण्याचे उदाहरण तर याहूनही जुने आहे. सिंधू संस्कृतीचे कारागीर शंखजिऱ्याचे मणी कापीत. गुजरातेतील झेकडा येथे जे शंखजिऱ्याचे मणी मिळाले ते जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे आहेत. इतका बारीक मणी एकेक करून कापणे हाताला शक्य नाही. तेव्हा संशोधकांचा तर्क असा की, शंखजिऱ्याची भुकटी भिजवून तिची लगदी बारीक छिद्रातून शेवेसारखी काढीत, तिचे तुकडे करीत आणि ते भाजीत. शंखजिरे नखाने ओरखडेल इतके मऊ, पण हजार अंशांच्या पुढच्या आचेत त्यातील पाणी निघून जाऊन ते कठीण होते. दगड कापताना पडलेल्या चुऱ्यातून पुन्हा दगड बनविण्याची ही युक्ती चार हजार वर्षांपूर्वीची आहे.

आणि अजिंठा? भोकरदनहून अजिंठा काही फार दूर नाही. तेथील लेणी पाहताना आपण चित्रे पाहतो. चित्र ज्याच्यावर काढले तो गिलावा कोणी पाहत नाही. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची तपासणी केली आहे. लोहयुक्त माती, त्यात दगडाची बारीक कच, भाताचा कोंडा, गवत आणि वनस्पतींचे तंतू असे ते मिश्रण आहे. श्रोतेहो, हे तर कुंभाराचेच मिश्रण! फरक इतकाच की हे आव्यात गेले नाही, भिंतीवर वाळले. रंगही पुष्कळसे याच खडकाच्या कुळातले: पिवळी व तांबडी काव लोहाची, आणि हिरवा रंग पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द विकत घ्यावा लागे.

येथे एक विचार मनात येतो. वेरूळचे कैलास लेणे कोरताना सुमारे दोन लाख टन दगड काढून टाकावा लागला असा अंदाज करतात. मूर्ती राहिली तिचे आपण कौतुक करतो. पण पर्वताएवढा जो दगड टाकला गेला, त्याला हात लावणारे हातही त्याच योग्यतेचे होते. अजिंठ्याच्या गिलाव्यातली कच पाहिली की वाटते, त्या लोकांना टाकाऊ आणि उपयुक्त यांच्यामध्ये पक्की भिंत घालण्याची सवय नव्हती.

झिलई आपल्याकडे का आली नाही?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. माती सावरण्यासाठी दगड वापरला, रंगासाठी वापरला. मग भांड्यावर काचेसारखी झिलई चढविण्यासाठी का वापरला नाही? आपले माठ, रांजण, घागरी, परळ सगळी बिनझिलईची.

झिलई म्हणजे काय, तर भांड्यावर वितळून बसलेली काच. तिला तीन गोष्टी लागतात. काच होणारी सिलिका. ती ओघळून जाऊ नये म्हणून धरणारे अल्युमिना. आणि सिलिकेला वितळवणारा द्रावक, म्हणजे चुना, मॅग्नेशिया, सोडा किंवा राखेतला क्षार. आता मघाचे आकडे आठवा. आपल्या काळ्या पाषाणात सिलिका आहे, अल्युमिना आहे, चुना व मॅग्नेशियाही आहे आणि वर रंगासाठी लोह आहे. निसर्गाने जवळजवळ तयार झिलईच आपल्या डोंगरात भरून ठेवली आहे! अडचण एकच. हा पाषाण वितळण्यास ११०० पासून १२५० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता लागते. आपला उघडा आवा, गोवऱ्या आणि काटक्यांचा, साधारणतः ७०० ते ८५० अंशांवर थांबतो. एवढ्या आचेत दगड विरघळत नाही, आणि आच वाढवली तर आपली चुना-लोहाने भरलेली माती स्वतःच वाकते, फुगते. झिलई मिळण्यापूर्वीच मडके बसते.

पण केवळ आचेचेच कारण नव्हते. आपल्या उन्हाळ्यात पाणी गार राहावे तर मडके पाझरले पाहिजे. झिलई चढविली की पाझर बंद आणि पाणी कोमट. शिवाय विटाळाच्या कल्पनेने मातीचे भांडे पुन्हा पुन्हा वापरण्याची आपल्या समाजाला सवय नव्हती. जे टाकावयाचेच ते टिकाऊ कशासाठी करावे? टिकाऊ भांडे हवे असणाऱ्याला तांब्या-पितळेचे होते. कुंभाराने वाईट काम केले म्हणून झिलई आली नाही असे नव्हे. ज्याची मागणी होती ते काम त्याने चोख केले. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मडकी तपासली, ही कथा लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्या कथेत मडके पक्के की कच्चे एवढीच परीक्षा आहे, चकाकीची नाही. आपल्या समाजाने कुंभाराला तेवढेच विचारले.

झिलई आपल्या भागात आली ती इमारतींच्या अंगावरून. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी देवगिरीच्या पायथ्याशी चांदमिनार उभारला, तेव्हा त्यावर इराणी धाटणीच्या झिलईच्या फरश्या बसविल्या. किल्ल्यातील चिनी महालाचे नाव त्याच्या अशाच चकचकीत फरश्यांवरून पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन पुढे तेथेच औरंगजेबाच्या कैदेत होता. बीदरला महमूद गवानने १४७२ साली बांधविलेल्या मदरशाच्या भिंतींवरही ही निळी-हिरवी कामगिरी अद्याप दिसते.

आणि या इराणी विद्येचे मर्म काय होते? काशान येथील कुंभारांच्या घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ साली या कलेवर एक निबंध लिहिला. त्यात भांड्याच्या अंगाचे प्रमाण दिले आहे: दहा भाग कुटलेली पांढरी गारगोटी, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी माती. म्हणजे ते भांडे मातीचे म्हणण्यापेक्षा दगडाचेच म्हणावे लागेल! जयपूरची निळी भांडी याच कुळातली. तीही गारगोटीची पूड, काच, मुलतानी माती आणि डिंक यांची बनतात, त्यांत कुंभाराची नेहमीची माती नसतेच. परंतु ही विद्या आपल्याकडे दरबाराबरोबर आली. दरबार होता तोवर राहिली आणि दरबार मोडला तशी ओसरली. चांदमिनारच्या फरश्यांकडे पाहत पाहत शेजारच्या गावचा कुंभार बिनझिलईचे माठच घडवीत राहिला. राजाची भट्टी आणि रयतेचा आवा यांची गाठ पडली नाही.

दुसऱ्यांनी काय केले?

ज्यांच्याकडे ही गाठ पडली त्यांच्याकडे काय घडले तेही पाहू. चीनमध्ये फूजियान प्रांतातील कुंभारांनी सुंग घराण्याच्या काळात, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ च्या दरम्यान, लोहयुक्त दगड आणि लाकडाची राख यांच्या झिलईने काळे पेले घडविले. त्या झिलईत लोह इतके असते की ती काळीभोर दिसते आणि तिच्यावर सशाच्या केसांसारख्या तांबूस रेघा उमटतात. जपानी भिक्षूंनी हे पेले आपल्या देशी नेले आणि चहाच्या समारंभात त्यांना मानाचे पान मिळाले. रत्नांच्या मोलाचे झालेले हे पेले, मुळात दगड आणि राख!

त्याच देशातल्या जिंगदेजेन नगरीत पांढरा दगड पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या उखळांत कुटीत, धुऊन गाळीत आणि त्याच्या विटा पाडून कुंभारांना विकीत. द'आंत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १७१२ आणि १७२२ साली लिहिलेल्या पत्रांत हा सारा व्यवहार वर्णिला आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, दगड कुटणारा, गाळणारा, भांडे घडविणारा आणि भट्टी लावणारा हे सर्व निराळे असूनही एका साखळीत बांधलेले होते. जपानात माशिको या गावी विसाव्या शतकात हामादा शोजी या थोर कुंभाराने हीच वाट धरली. स्थानिक दगडाची पूड हीच त्याची तपकिरी झिलई होती. दूरचे साहित्य आणण्यापेक्षा आपल्या डोंगराचे गुण-दोष जाणून घेणे त्याला अधिक मोलाचे वाटले.

इंग्लंडची कथा थोडी निराळी आणि फार बोधप्रद आहे. जोसाया वेजवुडने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जी काळी भांडी प्रसिद्धीस आणली त्यांना त्याने ‘बसाल्ट’ हे नाव दिले. गंमत अशी की त्यांत काळा पाषाण नव्हताच! माती काळी करण्यासाठी कोळशाच्या खाणीतून वाहून येणाऱ्या पाण्यातला लोहाचा गाळ वापरीत. खाणवाल्याची घाण ती कुंभाराची शाई झाली.

पण त्याच प्रांतात दगडाच्या भुकटीने दुसरेही रूप दाखविले. मातीत मिसळण्यासाठी गारेचा दगड कोरडा कुटीत. ती धूळ कामगारांच्या छातीत बसे आणि माणसे अकाली मरत. म्हणून १७२६ साली टॉमस बेन्सन याने गार पाण्याखाली दळण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. आपण आज दगडाच्या चुऱ्याचे गोडवे गात असताना हा धडा विसरता कामा नये. जी धूळ भांड्यावर काच होऊन बसते तीच माणसाच्या फुप्फुसात गेली तर त्याचा घास घेते. आपल्या काळ्या पाषाणात मोकळी गार कमी, तरी धूळ ती धूळच.

मुंबई, थानगड, भद्रावती

इंग्रजी अमदानीत आपल्याकडेही प्रयत्न झाले. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत, १८७० नंतरच्या काळात जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने झिलईची भांडी होऊ लागली. त्याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. त्यामुळे अजिंठ्याची नक्षी या भांड्यांवर उतरली. विचार करा: आपल्या डोंगरातील चित्रे मुंबईच्या भट्टीत जाऊन विलायतेच्या प्रदर्शनांत पोहोचली, पण झिलईची विद्या मात्र उलट वाटेने भोकरदनच्या कुंभारवाड्यापर्यंत आली नाही. ज्या मालाचे गिऱ्हाईक विलायतेत, त्या मालाची विद्या जिल्ह्यात कशी यावी?

पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परशुराम गणपुले या मराठी गृहस्थांनी सौराष्ट्रातील थानगड येथे चिनीमातीचा धंदा उभारला. आपल्या घरोघरी लोणच्याच्या ज्या पांढऱ्या-तपकिरी बरण्या होत्या, तसल्या वस्तूंचा हा धंदा. कर्तृत्व मराठी, पण त्याला माती आणि सोय लाभली गुजरातेत. १९५५ च्या सुमारास चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील भद्रावती येथे गांधीविचाराचे कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ स्थापून कुंभारकामाला नवी दिशा देण्याचा प्रयत्न केला. तिकडे बेळगाव जिल्ह्यातील खानापुरातही खादी-ग्रामोद्योगाने कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था चालविली. या प्रयत्नांचे विशेष हे की, त्यांनी प्रदर्शनापेक्षा कुंभाराच्या पोराकडे आधी पाहिले. चंद्रपूरकडे पांढरी माती आहे, कोळसा आहे. आपल्याकडे ते दोन्ही नाही. आपल्याकडे आहे तो काळा दगड.

आजचा ढीग

आणि तो किती आहे! १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आपल्या मुलखातून गेली, तेव्हा रुळांखाली घालण्यासाठी खडी फुटली. त्या काळी ती घणाने फुटे. वडार बायामाणसे उन्हात बसून ती फोडीत. त्यानंतर यंत्रे आली. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. रस्ते, धरणे, कारखाने, घरे वाढली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आणि २०२५ साली पुरा झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता किती डोंगर पोटात घेऊन बसला असेल, याची कल्पना करावी. दगड फोडला की खडी विकली जाते, कच आता वाळूऐवजी बांधकामात जाते. पण तरी पिठासारखी बारीक भुकटी मागे उरतेच. ती वाऱ्याने पिकावर बसते, विहिरीत उतरते, शाळेच्या पाट्यांवर साचते. जालन्याच्या पोलादी सळ्यांच्या कारखान्यांतून निघणारे कीट हा दुसरा ढीग. कीट म्हणजे तरी काय, भट्टीत वितळून गेलेला दगडच.

एका बाजूला हा ढीग आहे आणि दुसऱ्या बाजूला आपला कुंभार आहे. तळ्याचा गाळ मिळेनासा झाला, लीद मिळेनाशी झाली, प्लॅस्टिकने घागर गेली, शीतपेटीने माठ मागे पडला. पोळ्याचे बैल, दिवाळीच्या पणत्या आणि उन्हाळ्याचे माठ एवढ्यावर त्याचे वर्ष भागत नाही. त्याच्या पुढच्या पिढीने चाक सोडले तर तिला दोष कोणी द्यावा?

या दोघांच्या मध्ये काय उभे आहे? सारा इतिहास पाहिल्यावर याचे उत्तर नेमके देता येते. मध्ये उभी आहे ती ४०० अंशांची आच. आव्याच्या ८०० अंशांपासून झिलईच्या १२०० अंशांपर्यंतचे अंतर ते हेच. माती बदलावी लागेल, चंद्रपूरकडची पांढरी, आच सोसणारी माती थोडी मिसळावी लागेल. बंद भट्टी बांधावी लागेल, गोवरीऐवजी गॅस किंवा वीज लागेल. एकट्या कुंभाराच्या ऐपतीचे हे काम नव्हे. पण एका तालुक्यातल्या कुंभारांना मिळून एक भट्टी, हे काही आकाशातले फूल नाही. आपण साखरेसाठी कारखाने सहकाराने उभे केले. भट्टीसाठी सहकार करू नये असे कोठे लिहिले आहे?

प्रयोगाची रीतही सोपी आहे. पाषाणाची भुकटी पाण्यात कालवून धुवावी, फडक्यातून गाळावी; धूळ उडू देऊ नये. मग मातीचे दहा लहान तुकडे घ्यावे. पहिल्यावर नऊ भाग भुकटी आणि एक भाग लाकडाची राख, दुसऱ्यावर आठास दोन, तिसऱ्यावर सातास तीन, असे क्रमाने लावीत जावे. सर्व एकाच भट्टीत भाजावे आणि कोणता तुकडा कसा उतरला ते वहीत टिपून ठेवावे. आपला पाषाण लोहाने भरलेला असल्यामुळे त्यातून पांढरी किंवा निळी झिलई निघणार नाही. तो काळ्या-तपकिरी रंगाचाच धनी आहे. कारखान्याच्या कीटाचा मात्र फार जपून विचार करावा. त्यात काय मिसळले आहे ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ते जेवणाच्या ताटाला लावू नये, विटा-फरश्यांपुरतेच ठेवावे. पूर्वी कमी आचेत झिलई आणण्यासाठी शिसे वापरीत, ते विषारी. त्या वाटेला आता कोणी जाऊ नये.

आमच्या महाविद्यालयांत रसायनशाळा आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी हे दहा तुकडे भाजून पाहिले, आणि कुंभाराला शेजारी बसवून पाहिले, तर त्यांना पुस्तकाबाहेरचे रसायन कळेल आणि कुंभाराला आपल्या हाताला नवे नाव मिळेल. परंतु एक सावधगिरी हवी. खडीच्या यंत्रावर राबणाऱ्या मजुराच्या छातीतली धूळ कमी झाली नाही आणि ढिगातून दोन सुंदर पेले मात्र निघाले, तर तो सौदा तोट्याचा. आधी धूळ पाण्याने बसवा. मग तिची झिलई करा.

इतिहासाने आपल्याला शेवटी एवढेच सांगितले की, टाकाऊ नावाची वस्तू निसर्गात नसते. ती माणसामाणसांतली साखळी तुटली की जन्माला येते. सिंधूच्या मणेऱ्याकडे, अजिंठ्याच्या गिलावा करणाराकडे, फूजियानच्या कुंभाराकडे ती साखळी शाबूत होती. चांदमिनारच्या पायथ्याशी ती जुळली नाही, मुंबईच्या कलाशाळेतही जुळली नाही. आपल्या जिल्ह्यात दगड आहे, हात आहेत, शिकलेली मुले आहेत. उणे आहेत ते चारशे अंश, आणि ते कोणा राजाने आणून द्यावे अशी वाट पाहण्याचे दिवस आता राहिले नाहीत.